दाढ काढायचीय, स्टेंटच्या गोळ्या पाच दिवस थांबवू का?

वारजेकर

मंडळी, प्रश्न दाढेचा आहे, पण घोडं हृदयापाशी अडलंय.

वय ५९. भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी. साडेतीन महिन्यांपूर्वी ॲटॅक आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या एलएडी नावाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, औषध लावलेला. दुपारी जेवणानंतर ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० सकाळी ९ आणि रात्री ९, शिवाय कोलेस्टेरॉलची आणि बीपीची. हृदयाचं पंपिंग ५० टक्के. शुगर नाही. सिगारेट होती, आता नाही. (बायको वाचते म्हणून लिहीत नाही, खरंच नाही.)

उजवीकडची खालची दाढ किडून अर्धी उरलीय. रात्री ठणकते. घराजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करून या, मग निवांत काढू." हार्टच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट अजून पंधरा दिवसांनी आहे. एवढ्याशा दाढेसाठी त्यांना फोन करायचा म्हणजे संकोच वाटतो.

त्यात जावयाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. स्टेंटमध्ये गुठळी झाली की खेळ खल्लास, अशा थाटाचा. तेव्हापासून डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली एका जागी टोचल्यासारखं होतं. बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी जागा. शिवाय बसल्या बसल्या मधूनच दम कमी पडल्यासारखं वाटतं, दोन-चार मिनिटांत जातं. जिने चढताना काही होत नाही, ही गंमत.

मशीनचं बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो. आम्ही कानाने ओळखायचो. स्टेंटचं तसं काही असतं का? आधी कळतं का? आणि कळलं तर करायचं काय? अनुभव असलेल्यांनीच लिहा, व्हिडिओ नको. जावई पुरेसे पाठवतो.

---

पेठेतली काकू

वारजेकर, गोळ्या अजून बंद केल्या नाहीत ना? नसतील तर करू नका, आणि मग बाकीचं सावकाश वाचा.

आमच्या घरी हे झालंय, म्हणून लिहिते. २०१९ सालचं. श्रावणात ह्यांना ॲटॅक आला, स्टेंट पडला, पाचव्या दिवशी घरी आले. वय तेव्हा ६३, बँकेतून निवृत्त, रोज पर्वती चढणारे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू होतं. गणपती बसले आणि दोन दिवसांनी ह्यांना शौचाला रक्त पडलं. मूळव्याध जुनीच, पण यावेळी जास्त. घरात गौरींची तयारी, नणंदा आलेल्या, डाळ भिजत घातलेली. हॉस्पिटलला फोन कोण करणार? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. माणूस चांगला, आमच्या तीन पिढ्या त्यांच्याकडे. ते म्हणाले, "क्लोपिडोग्रेल आठ दिवस बंद ठेवा, ॲस्पिरिन असू द्या." फाइल त्यांनी मागितली नाही आणि आम्ही नेली नाही. स्टेंटला जेमतेम पंधरा दिवस झालेत, हे त्या खोलीत कुणी मोठ्याने म्हटलंच नाही. मीसुद्धा नाही. रक्त थांबलं, आम्ही खूश.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला जाग आली तर हे पलंगाच्या कडेवर बसलेले. मूठ छातीच्या मधोमध. बनियन भिजून पाठीला चिकटलेलं. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, "तेच."

तुम्ही आवाज विचारलात ना, आमच्याकडचा आवाज हा होता. "तेच." पहिल्या ॲटॅकला जे झालं होतं तेच, तिथेच, तसंच डाव्या जबड्यापर्यंत. बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, अख्खा पंजा फिरवत होते. दाबून, कूस बदलून, ढेकर देऊन, कशानेच फरक नाही.

आणि तरी आम्ही पंचवीस मिनिटं घालवली. मुलगा म्हणाला, पुरणपोळ्या झाल्यात बाबा, ॲसिडिटी असेल. मी ओव्याचं पाणी केलं. जो माणूस स्वतःच्या तोंडाने "तेच" म्हणतोय त्याला मी ओवा पाजत होते, हे मला अजून आठवतं. मग त्यांना उलटी झाली आणि मुलाने १०८ ला फोन लावला.

ॲम्ब्युलन्स वेळेत आली, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव. बांबू, कनाती, आत यायला वाट नाही. मांडवात राखणीला झोपलेली मंडळाची पोरं उठली. त्यातल्या चौघांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाजीराव रस्त्यापर्यंत नेलं. ह्यांना पायी चालू दिलं नाही, हे त्या पोरांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. गाडीतच ईसीजी निघाला. आतल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "स्टेंट कधीचा? गोळी चुकली का?" मी सांगितलं तसं त्यांनी पुढे फोन करून कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती खोली, उघडी ठेवायला सांगितली.

एकोणिसावा दिवस होता. स्टेंटच्या आतच गुठळी होऊन पूर्ण बंद. ती नळीने ओढून काढली, मग फुगा घालून तोच स्टेंट आतून पुन्हा फुगवला. डॉक्टरांनी आत सोनोग्राफीची बारीक तार घालून पाहिलं तर एका जागी चुन्यासारखं कॅल्शियम होतं आणि तिथे जाळी पुरती उघडली नव्हती. मी विचारलं, गोळी बंद केली म्हणून झालं का? ते म्हणाले, एकट्या गोळीवर ढकलता येणार नाही, पण गोळी चालू असती तर कदाचित निभावलं असतं. या "कदाचित"वर मी बरीच वर्षं काढली.

पहिल्या ॲटॅकनंतर पंपिंग ५० होतं, दुसऱ्यानंतर ३५. मीठ मोजून, पाणी मोजून, पायाला सूज आली का रोज बघायचं. पर्वतीला जातात, पहिल्या टप्प्यावर बसतात, खाली येतात.

आता मुद्दा. मूळव्याधीचं रक्त त्यानंतरही दोनदा पडलं. पण तेव्हा मी सर्जनना आणि हार्टच्या डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं. इसबगोल, गरम पाण्यात बसणं, लावायचं मलम, हिमोग्लोबिन तपासणं, सगळं झालं. गोळ्या एक दिवस चुकल्या नाहीत. ऑपरेशन वर्ष उलटल्यावर केलं. रक्त पडणं म्हणजे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. डांबरासारखी काळी शी झाली, चक्कर आली, नाकातलं रक्त थांबेना तर त्याच दिवशी दाखवायचंच. फक्त गोळीला हात लावायचा तो स्टेंट टाकणाऱ्यानेच.

फोन करायला संकोच कसला? अंगातला स्टेंट त्यांनीच टाकलाय.

---

शिशाचा कोट

काकूंनी लिहिल्यावर फारसं उरत नाही, पण आवाजाच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन होतो, बावीस वर्षं. डॉक्टर नव्हे, त्यामुळे गोळ्यांचे निर्णय माझ्या नावावर खपवू नका.

वारजेकर, स्टेंट म्हणजे बुश समजा, भोकात बसवायची नळी. फक्त बोअर, म्हणजे ते भोक, गोल नाही, सरळ नाही, भिंत कुठे मऊ कुठे दगड, आणि काम चालू लाइनीत. फुग्यावर चढवलेली जाळी आत नेऊन फुगवायची. दगड असलेल्या जागी जाळी अडते, नाहीतर माप लहान पडून भिंतीला टेकत नाही. फट राहिली की तिथे रक्त घोटाळतं. प्लेटलेट्सना उघडा धातू भेटला की त्यांना ती जखम वाटते, त्या चिकटतात. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. तुमच्या दोन गोळ्या हे चिकटणं दोन वेगळ्या वाटांनी अडवतात. हळूहळू शरीर जाळीवर आतून अस्तर चढवतं आणि धातू झाकला जातो. औषध लावलेल्या स्टेंटमधलं औषध हे अस्तर फाजील वाढू देत नाही, त्यामुळे झाकलं जायलाही वेळ लागतो. तोवर दोन गोळ्या. ॲटॅकनंतर साधारण वर्षभर, ॲटॅक नसताना टाकलेल्या स्टेंटला बहुधा सहा महिने. रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर डॉक्टर कमीही करतात. मुदत प्रत्येकाची वेगळी, शेजाऱ्याची बघून आपली ठरवू नका.

गुठळी कधी झाली यावरून तिचे प्रकार पाडतात: पहिल्या २४ तासांत, ३० दिवसांत, वर्षाच्या आत, वर्षानंतर. सर्वात जास्त पहिल्या ३० दिवसांत. तो टप्पा तुम्ही ओलांडलात. आजच्या स्टेंटमध्ये पहिल्या वर्षात हे होणारे शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी, तेव्हा जावयाला सांगा थोडं सबुरीने घे. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि गोळी वेळेआधी सोडणारे त्या थोड्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. शुगरवाले, किडनीचे पेशंट आणि सिगारेट न सोडणारेही.

आता आवाज. आवाज येतो तो दुसऱ्या बिघाडाचा. स्टेंटच्या आत मांस वाढून वाट पुन्हा अरुंद होते, ते काही महिन्यांत, हळूहळू. आधी चौथ्या मजल्यावर छाती भरायची, मग दुसऱ्या, मग पहिल्या. थांबलं की उतरतं. ते त्याच आठवड्यात दाखवायचं, लपवायचं नाही. गुठळी तशी वागत नाही. काल ठणठणीत, आज पहाटे बंद. कान लावून बसण्यात अर्थ नाही, जे हातात आहे ते सुरू झाल्यानंतरच्या मिनिटांत.

काकूंनी वर्णन केलंय तेच खरं चित्र: छातीच्या मधोमध दडपण, घाम, उलटी, जबडा, हात, आणि पेशंट स्वतः "तेच" म्हणतो. शुगरवाल्यांना कधी छातीत दुखतही नाही, नुसता घाम आणि दम. तुमचं बोटाने दाखवता येणारं टोचणं बहुतेक त्यातलं नाही. स्टेंटनंतर असं टोचणं पुष्कळांना होतं. पण "बहुतेक" माझं आहे, ईसीजी डॉक्टरांचा. फोन कराल तेव्हा हेही सांगा.

अशी वेळ आलीच तर १०८, आणि फोनवरच सांगायचं की स्टेंटचा पेशंट आहे. स्वतः गाडी चालवायची नाही, स्कूटरवर मागे बसायचं नाही. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ चावून खायला सांगतात, पण ते आपल्याला चालेल का हे आजच विचारून घरात लिहून ठेवा. रात्री अडीचला विचारत बसू नका. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने बीपी पडतं. आधीच चक्कर येत असेल, बीपी कमी असेल तर घेऊ नये. आणि ती घेऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबू नये. कुठल्या हॉस्पिटलची कॅथलॅब रात्री चालू असते ते माहीत करून ठेवा. नुसतं जवळचं म्हणून गेलात आणि तिथून पुन्हा पाठवलं तर वेळ दोनदा जातो. स्टेंटच्या गुठळीला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ही पहिली पसंती नसते, आत जाऊन उघडणं ही असते.

आत काय होतं तेही सांगतो. अँजिओग्राफी, तार पलीकडे नेणं, गुठळी मोठी असेल तर ओढून काढणं, फुगा, कधी प्लेटलेट्स जखडून ठेवणारी सलाइनमधली औषधं. मग सोनोग्राफीची किंवा प्रकाशाची तार घालून कारण शोधणं. कारण न शोधता नुसतं उघडलं तर ते पुन्हा बंद होऊ शकतं. क्लोपिडोग्रेलवर असताना झालं असेल तर बहुधा टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेलवर आणतात. क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये जाऊन चालू व्हावं लागतं आणि आपल्याकडे बऱ्याच लोकांत ते करणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं. ओमेप्राझोलही त्यात अडथळा आणतं, म्हणून क्लोपिडोग्रेलवाल्यांना पित्तासाठी बहुधा पँटोप्राझोल दिलेलं दिसेल.

बसल्या बसल्या दम लागणं आणि जिन्यात न लागणं ही टिकाग्रेलॉरची जुनी खोड आहे. बऱ्याच जणांना होते. त्यापायी लोक गुपचूप गोळी सोडतात आणि मग आम्हाला पहाटे कोट चढवावा लागतो. सांगितलंत तर डॉक्टर दुसरी गोळी देऊ शकतात, तीही रीतसर, डोस जुळवून. एखादा डोस चुकला तर पुढचा ठरल्या वेळी घ्यायचा, दोन एकदम नाही.

जाता जाता. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट पहिल्यांदा बसवला १९८६ साली. सुरुवातीला गुठळ्या इतक्या व्हायच्या की पेशंटला रक्त पातळ करायच्या जबर औषधांवर कित्येक दिवस हॉस्पिटलात ठेवायचे, वर रक्तस्राव वेगळाच. १९९० च्या दशकाच्या मध्यात ॲस्पिरिनबरोबर प्लेटलेट्सवरची दुसरी गोळी दिली की भागतं हे सिद्ध झालं, आणि तेव्हा कुठे हा धंदा सुरळीत चालला. सगळं श्रेय जाळीला जातं. गोळीला कोणी हार घालत नाही.

---

निसर्गप्रेमी ७२

इतकी रसायनं कशाला? माझे मेव्हणे अर्जुनसालीचा काढा आणि रोज दोन लसूण पाकळ्या घेतात. सहा महिन्यांत सगळ्या गोळ्या सोडल्या. ठणठणीत आहेत.

---

पेठेतली काकू

तुमचे मेव्हणे शतायुषी होवोत. आमचे हे पण अठराव्या दिवसापर्यंत ठणठणीत होते.

लसूण भाजीत घाला. काढे आणि लसणाच्या कॅप्सूल या गोळ्यांबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच.

---

कर्वेनगरचा दातवाला

मी दातांचाच डॉक्टर, म्हणून आमच्या जमातीच्या वतीने थोडं. पाच दिवस बंद करून या, हे आम्ही कॉलेजात असताना सर्रास सांगायचो. आता तसं करत नाहीत. एक साधी दाढ काढायला दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच काम होतं. दाढेतलं रक्त आम्हाला दिसतं, दाबता येतं, शिवता येतं. स्टेंटमधलं नाही.

सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत कुणीतरी बघायला असतं. एका वेळी एकच दात. खड्ड्यात रक्त गोठवणारा स्पंज, वर टाका, गॉजवर अर्धा-पाऊण तास घट्ट चावून बसणं. लागलं तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ पाझरतं, एवढंच.

दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. रक्तस्राव वाढतो, आणि आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात आडवं येतं. दाढ ठणकतेय म्हणजे ते आधीच चालू तर नाही ना?

---

वारजेकर

चालू होतं. चार दिवस, रात्री एक. मेडिकलवाल्याने दिलं होतं. बंद केलं.

आज सकाळी हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टर स्वतः आले फोनवर, मला वाटलं रागावतील. रागावले, पण फोन केला म्हणून नाही, आयबुप्रोफेनबद्दल. एकही गोळी बंद करायची नाही म्हणाले. दाढेसाठी सहा महिने थांबायचीही गरज नाही, कारण तिथे जंतू ठेवणं वाईट. चिठ्ठी लिहून देतो, ती दातांच्या डॉक्टरांना दाखवा. टोचण्यासाठी ईसीजी करून घ्यायला लावला, जुन्याशी ताडून पाहिला, बदल नाही. दम टिकाग्रेलॉरचाच असावा म्हणाले, पुढच्या भेटीत बघू, तोवर सोडू नका.

घराजवळच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, मग रिस्क तुमची. तेव्हा उठलो आणि दुसरीकडे वेळ घेतली.

काकू, तुमचं ते "तेच" बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी फ्रिजवर कागद लागला: १०८, स्टेंटची तारीख, गोळ्यांची नावं, रात्री कॅथलॅब चालू असलेल्या हॉस्पिटलचं नाव, आणि आमच्या सोसायटीचं मागचं गेट रात्री कुलूपबंद असतं म्हणून वॉचमनचा नंबर. हे गेटचं माझ्या डोक्यात आलं नसतं.

---

वारजेकर

कळवायचं राहिलं. मंगळवारी दाढ काढली. सकाळी साडेनऊची वेळ, त्याआधी ९ ची गोळी घेऊनच गेलो. काढायला दहा मिनिटं, एक टाका. रक्त पाझरत होतं दुपारी तीनपर्यंत, गॉज चार वेळा बदलला. उशी खराब होईल म्हणून बायकोने जुना टॉवेल घातला होता, त्यावर दोन ठिपके पडले.

रात्री ९ ला पुन्हा गोळी. जेवायला गुरगुट्या भात. जावयाचा नवीन व्हिडिओ आलाय, अजून उघडला नाही.

---

पेठेतली काकू

उघडू नका. टाका कधी काढणार?